उजव्या हाताची संथा

आमच्या घरीं वडील बंधूंना लहानथोर सारेच अण्णा म्हणतात. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत एके पहाटे त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग लुळें पडलें, वाचाही गेली. औषधोपचार वेळेवर झाले, प्राण वांचले, आणि तीन आठवड्यांनीं ते घरीं परतले. त्या दिवसापासून आम्हीं सर्वांनीं मिळून त्यांचा उजवा हात मारण्यास आरंभ केला. हें वाक्य वाचून कोणाच्या कपाळास आठी पडली तर तिचा दोष मजकडे. पण जें घडलें तें असेंच घडलें, आणि तेंही केवळ प्रेमापोटीं.

वहिनी त्यांना घास भरवीत. पुतण्या अंघोळ घाली, सूनबाई अंगरख्याच्या गुंड्या लावी, आणि मौंज झालेला नातू त्यांच्या खुर्चीशेजारीं बसून त्यांच्या वतीनें संध्या करी. डाव्या हातानें कांहीं उचलूं गेले तर चार हात पुढें येत. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला असे. संध्याकाळीं दिवाणखान्यांतली वस्तु उचलून आंत न्यावी तसा तो आम्ही उचलीत होतों आणि निजतांना पुन्हां उशीवर ठेवीत होतों. समाचारास येणारीं माणसें म्हणत, "अशी सेवा हल्लीं कोणाच्या घरीं होते?" आम्हांस तें ऐकून बरें वाटे. चार महिने हें चाललें.

मग एके दिवशीं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, व्यवसायोपचार शिकविणाऱ्या एका महाविद्यालयांतील अध्यापिका घरीं आल्या. वय पस्तिशीच्या आंतबाहेर. बरोबर एक विद्यार्थिनी, हातांत वही. रक्तदाबाचे कागद मीं पुढें केले ते त्यांनीं पाहिले, पण बाजूस ठेविले, आणि वहिनींना विचारलें, "आजी, आजोबा आजारी पडण्यापूर्वीं सकाळीं उठल्यापासून हातांनीं काय काय करीत होते, तें मला क्रमानें सांगाल का?"

हा प्रश्न आजवर कोणींच विचारला नव्हता. वहिनी सांगूं लागल्या: दारचीं फुलें काढणें, संध्या, देवपूजेचें गंध उगाळणें, वर्तमानपत्राची घडी मोडून ती परत जशीच्या तशी घालणें, दुपारीं अडकित्त्यानें सुपारी कातरणें. विद्यार्थिनी लिहीत होती. सांगतां सांगतां वहिनींचा कंठ दाटला. कारण हें सर्व आतां भूतकाळाच्या क्रियापदांत सांगावें लागत होतें. बाईंनीं त्या यादींतील दोन गोष्टींखालीं रेघ ओढली, आचमन आणि गंध. मग म्हणाल्या, "उद्यांपासून आजोबांना कोणीं भरवूं नये. ताट समोर ठेवा, वाटी थोडी दूर ठेवा, आणि वाट पाहा."

"मग मीं काय नुसतें बघत बसायचें?" वहिनींनीं विचारलें.

"होय आजी. आणि या घरांत तेंच सर्वांत अवघड काम आहे."

त्यानंतर तीन दिवस घरांत दोन पक्ष पडले होते, आणि मी वहिनींच्या पक्षांत होतों हें कबूल करतों. बाई शिकलेल्या खऱ्या, पण मायाममता नाहीं, असें माझें मत झालें होतें. सारा जन्म मास्तरकींत गेलेल्या माणसाचें हें मत! मुलाचें गणित बापानें घरीं सोडवून दिलें तर तें माझ्या नजरेंतून कधीं सुटलें नाहीं. वहींतील अक्षर पाहूनच मी त्या बापास बोलावून घेत असें. तोच मी भावाचा घास दुसऱ्यानें भरवावा म्हणून भांडत होतों. शेजारचे एक गृहस्थ तर म्हणाले, "व्यवसायोपचार? या वयांत अण्णांना कसला व्यवसाय शिकवितात? मेणबत्त्या करायचा?"

त्या गृहस्थांचा दोष नाहीं. शब्दच तसा झाला आहे. मराठींत व्यवसाय म्हणजे धंदा. परंतु संस्कृतांत वि आणि अव या उपसर्गांनंतर 'सो' धातु येऊन झालेला हा शब्द मूळचा निश्चयवाचक आहे. गीतेंत तो त्याच अर्थानें येतो, आणि नीतिग्रंथांत त्यास निश्चयपूर्वक केलेला उद्योग असा अर्थ आहे. माणसाचे हात ज्यांत गुंतलेले असतात आणि ज्यावर त्याचें मन बसलेलें असतें तें काम, मग तें चरितार्थाचें असो, देवपूजेचें असो कीं नातवाची चेंडूफळी दुरुस्त करण्याचें असो, तें सारें या शास्त्राच्या दृष्टीनें व्यवसाय होय. जुना अर्थ ध्यानांत घेतला तर भाषांतर करणाऱ्यानें शब्द चांगला निवडला असें म्हणावें लागतें.

पुढच्या भेटींत मास्तरी खोडीनें मीं बाईंना विचारलें, हें तुम्हांस कोणीं शिकविलें? पुस्तकाचें नांव सांगतील अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "माझ्या बाईंनीं. त्यांना त्यांच्या बाईंनीं. आणि त्या कमलाबाई निंबकरांच्या वर्गांत होत्या." हात जोडून गोत्रप्रवर सांगावे तसें त्यांनीं हें सांगितलें. आमच्या वैयाकरणांनीं वंश दोन प्रकारचा मानला आहे, एक जन्मानें चालणारा आणि दुसरा विद्येनें चालणारा. तें मी वर्गांत अनेकदां शिकविलें; पण विद्यावंश असा समोर चालतां बोलतां पाहिला तो त्या दिवशीं.

कमलाबाईंचें चरित्र आपल्या घरांतून असावें तितकें ठाऊक नाहीं. त्यांचें मूळ नांव एलिझाबेथ लुंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेंतील क्वेकर पंथाच्या कुटुंबांत. शिक्षण न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजांत. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून त्या १९३० सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि कमला झाल्या. पुढें फिलाडेल्फियाच्या शाळेंत त्यांनीं व्यवसायोपचाराचें शिक्षण घेतलें, आणि १९५० सालीं मुंबईस परळच्या केईएम रुग्णालयांत या विद्येची शाळा काढली. आशिया खंडांतील ही पहिली शाळा म्हणून तिची गणना होते. १९५२ सालीं अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघ स्थापन झाला, त्याच्याही त्या संस्थापक. आणि त्याच सालीं या विद्येचा जागतिक संघ झाला तेव्हां त्याच्या दहा संस्थापक राष्ट्रांत, इंग्लंड-अमेरिकेच्या पंक्तीस, भारत होता. देश स्वतंत्र होऊन पांच वर्षें झालीं होतीं. कमलाबाई १९७९ सालीं निवर्तल्या. त्यांचा जन्मवंश फलटणास आहे. चिरंजीव बनबिहारी निंबकर यांचें कृषिसंशोधन प्रसिद्ध आहे, सूनबाई जाई निंबकर या इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या, आणि फलटणांतील एका नामांकित मराठी शाळेस कमलाबाईंचेंच नांव आहे. विद्यावंश मात्र परळाहून निघून शीव, मुंबई सेंट्रलचें नायर रुग्णालय, नागपूर असा पसरत गेला, आणि त्याची एक शाखा आमच्या माजघरापर्यंत आली.

या विद्येची गंगोत्री शोधूं गेलें तर ती १९१७ सालच्या मार्च महिन्यांत सांपडते. न्यू यॉर्क संस्थानांत क्लिफ्टन स्प्रिंग्ज नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें जॉर्ज बार्टन नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें आपल्या घराचें नांव 'सांत्वनगृह' अशा अर्थाचें ठेविलें होतें. क्षयानें तो पोखरला होता, एका पायाचा कांहीं भाग कापावा लागला होता, आणि डाव्या अंगास पक्षाघात झालेला होता. सुतारकाम व बागकाम करीत करीत त्यानें स्वतःस उभें केलें, आणि आपल्यासारखा विचार करणारीं पांच माणसें घरीं बोलावून मंडळ स्थापिलें. त्यांत विल्यम डंटन हे मनोविकारांचे वैद्य होते, आणि एलिनॉर क्लार्क स्लॅगल या बाई होत्या. रोग्यानें रोग्यांसाठीं काढलेली ही विद्या आहे हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें बॉल्टिमोरचे प्रसिद्ध मनोविकारवैद्य अडॉल्फ मायर यांनीं १९२१ सालीं दिलेल्या व्याख्यानांत तिला तत्त्वज्ञान दिलें. काम, खेळ, विश्रांति आणि निद्रा या चार गोष्टींच्या तालावर माणसाचें आरोग्य तोललेलें असतें, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. आमच्याकडे दिनचर्या म्हणून वाग्भटानें जें सांगितलें आहे त्याची येथें आठवण होते. तरी दोहोंस एक म्हणण्याचा मोह मी आवरतों; परकीयांचें सारें आमच्यापाशीं आधींच होतें असें म्हणत बसणाऱ्यांची संख्या अगोदरच पुरेशी आहे.

परंतु तत्त्वज्ञान सांगणें निराळें आणि तें खरें कीं खोटें हें पडताळून पाहणें निराळें. तें दुसरें काम अध्यापकांनीं केलें, आणि त्याची परंपरा पाहावयाची तर लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे वळलें पाहिजे. तेथें १९४२ पासून ही विद्या शिकविली जाते. मेरी रायली या तेथील अध्यापिका. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांतील जायबंदींबरोबर त्यांनीं काम केलेलें. १९६१ सालीं स्लॅगलबाईंच्या नांवानें होणारें व्याख्यान त्यांनीं दिलें, तें या क्षेत्रांत अजून शिकवितात. माणूस मन व इच्छा यांनीं चेतविलेल्या आपल्या हातांच्या योगें स्वतःच्या आरोग्यावर परिणाम घडवूं शकतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि हा जर खरा असेल तर तो शास्त्रानें सिद्ध झाला पाहिजे, अशी त्यांनीं आपल्याच व्यवसायबंधूंना हांक दिली. त्यांच्या हाताखालीं गॅरी कीलहॉफ्नर नांवाचा विद्यार्थी १९७५ सालीं पदवीधर झाला. त्यानें गुरुवाक्य प्रमाण मानून तेथेंच मुक्काम केला नाहीं. सहकाऱ्यांसह १९८० सालीं स्वतःची मांडणी प्रसिद्ध केली. माणसाच्या कामाचे तीन आधार त्यानें सांगितले: संकल्प, संवय आणि क्षमता. पुढें शिकागोच्या विद्यापीठांत विभागप्रमुख होऊन २०१० सालीं मृत्यु येईपर्यंत तो या मांडणीची परीक्षा घेत राहिला, आणि देशोदेशींचे शिष्य त्यानें तयार केले. आमच्याकडे आलेल्या बाईंचा पहिला प्रश्न कोठून आला हें मला यावरून उमगलें. डॉक्टरांनीं क्षमता मोजली होती. बाई संकल्प आणि संवय विचारीत होत्या.

याच विद्यापीठांतील एका प्रयोगाची हकीकत घरोघरच्या कर्त्या माणसांनीं वाचावी अशी आहे. फ्लॉरेन्स क्लार्क या अध्यापिका व त्यांचे सहकारी यांनीं तो केला आणि १९९७ सालीं अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिसमध्यें सरकारी साहाय्याच्या घरांतून स्वतंत्र राहणारीं, साठ वर्षांवरील ३६१ माणसें निवडलीं. त्यांत निरनिराळ्या वंशांचीं होतीं, चिनी बोलणारींही होतीं. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे तीन गट केले. एका गटास नऊ महिने व्यवसायोपचारकांनीं मार्गदर्शन केलें: आठवड्यास दोन तास एकत्र बैठक, शिवाय प्रत्येकाशीं निराळें बोलणें. बसमधून एकट्यानें कसें जावें, सांधे न दुखवितां काम कसें करावें, आपल्या दिवसांत आपणांस मोलाचें काय वाटतें आणि तें कसें साधावें, असे विषय. दुसऱ्या गटास तितकाच वेळ करमणूक दिली: हस्तकला, चित्रपट, सहली, खेळ. तिसऱ्यास कांहींच नाहीं. नऊ महिन्यांनीं पाहतात तों पहिल्या गटाची प्रकृति, उत्साह, रोजचें वागणें, समाधान यांत अनेक बाबतींत सुधारणा दिसली. दुसरा आणि तिसरा गट यांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता! पुढें सहा महिन्यांनीं पुन्हां मोजलें तेव्हां पहिल्या गटाचा सुमारें नऊ दशांश लाभ टिकून होता. नंतर ४६० माणसांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगांतही, २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, लाभ दिसला, पण पहिल्याहून कमी प्रमाणांत.

या दुसऱ्या गटाकडे पाहून मी बराच वेळ विचार करीत बसलों. म्हाताऱ्या माणसाला कशांत तरी गुंतवून ठेवा, दूरदर्शन लावून द्या, पत्ते द्या, म्हणजे आपलें कर्तव्य झालें, असें आपण समजतों. अण्णांच्या खोलींत आम्हीं तेंच केलें होतें; दिवसभर कीर्तनांच्या ध्वनिफिती लावून ठेवीत होतों. त्यांस काय करावेंसें वाटतें हें विचारलें नव्हतें.

हातासंबंधीं याहून निकटचें संशोधन आहे, तें एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाचें. माकडाच्या एका पुढच्या पायाच्या संवेदनेच्या नसा तोडल्या तर तें माकड तो पाय वापरणें सोडून देतें, जरी हालचालीच्या नसा शाबूत असतात. पण चांगला पाय बांधून ठेवला तर निकामी झालेला पाय तें पुन्हां वापरूं लागतें. याचा अर्थ त्यानें असा केला कीं, न वापरणें हें शिकलेलें असतें; सुरुवातीस प्रयत्न फसतो, म्हणून प्राणी प्रयत्नच सोडतो. या माकडांच्या हालांवरून १९८१ सालीं मोठें वादळ उठलें, पोलीस प्रयोगशाळेंत गेले, खटले चालले. तो प्रश्न लहान नाहीं, आणि ज्ञान मिळालें म्हणून तो मिटला असें मला वाटत नाहीं. पण पुढें या विचारावरून माणसांसाठीं उपचार निघाला. २००६ सालीं स्टीव्हन वुल्फ व त्यांचे अनेक विद्यापीठांतील सहकारी यांनीं २२२ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले, मनगट व बोटें थोडीं तरी उघडतां येणारे असे हे रोगी. अर्ध्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीं बहुतेक सर्व वेळ, मोजा चढविला आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेतलें. ठराविक हालचाली करावयास या गटास आरंभीं सरासरी १९.३ सेकंद लागत, वर्षानंतर ९.३; नेहमींचा उपचार घेणाऱ्या गटास २४.० ऐवजीं १७.७.

हें वाचून मी उत्साहानें बाईंना म्हणालों, "मग अण्णांचा डावा हात उद्यांपासूनच बांधूं या." त्यांनीं अण्णांचें मनगट टेबलाच्या कडेबाहेर लोंबतें ठेविलें आणि वर उचला म्हणाल्या. मनगट थोडें उचललें. बोटें मिटलेलींच राहिलीं. शिवाय उभें राहतांना तोल जात होता, आणि अशा माणसाचा धरायचा हात बांधून चालत नाहीं. तरीही त्यांनीं स्वतःच निर्णय दिला नाहीं. हालचालीचें चित्रण करून तें आपल्या बाईंकडे पाठविलें. त्या आतां निवृत्त आहेत. दोन दिवसांनीं उत्तर आलें: अजून नाहीं, आधीं तळहात वळूं द्या. पंधरा वर्षें शिकविणारी अध्यापिका गुरूस विचारते, आणि निवृत्त गुरु पाहून उत्तर धाडतो, हें पाहून मला माझे शास्त्रीबुवा आठवले. तेही मी नोकरींत जुना झाल्यावर एका समासाच्या विग्रहावरून मला पत्र पाठवून दटावीत.

एका गोष्टीविषयीं मात्र बाई कडवटपणें बोलत. रोग्याची परतंत्रता मोजण्यासाठीं १९६५ सालीं महोनी व बार्थेल या दोघी अमेरिकन बाईंनीं दहा बाबींचें, शंभर गुणांचें एक परिमाण केलें. आमच्याकडील रुग्णालयांतूनही तें वापरतात. खाणें, अंघोळ, कपडे, पलंगावरून खुर्चीवर जाणें, जिना इत्यादि. त्यांत पाटावर बसणें नाहीं, मांडी घालणें नाहीं, जमिनीवरून उठणें नाहीं. शंभरापैकीं शंभर गुण मिळविलेला माणूस आपल्या देवघरांत बसूं शकेलच असें नाहीं. हें कोणीं शोधावयाचें? जो शिकवितो आणि जो रोज रोग्यास हात लावतो त्यानेंच. पण त्याच माणसास सकाळीं रोगी, दुपारीं वर्ग, संध्याकाळीं विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि मधल्या वेळांत कार्यालयाचे तक्ते भरावे लागतात. संशोधन उरल्यासुरल्या वेळांत करावयाची वस्तु झाली आहे. राज्यांत या व्यवसायाची परिषद झाली, २०२१ सालीं केंद्राचा कायदाही झाला. नोंदणी झाली म्हणजे विद्या वाढली असें होत नाहीं. अध्यापकास फुरसत देणें हें खर्चाचें काम आहे, आणि आपल्या समाजांत डॉक्टरच्या शस्त्रास मान आहे तितका या धीम्या विद्येस नाहीं, हें त्याचें मूळ कारण मला वाटतें.

बाईंचा स्वतःचा पदव्युत्तर प्रबंध हातानें जेवण्यावरच होता. त्यांच्या मार्गदर्शक बाईंनीं पहिला महिनाभर त्यांस एक अक्षर लिहूं दिलें नाहीं. वॉर्डांत जेवणाच्या वेळीं बसावयाचें आणि घास कसा होतो तें पाहावयाचें, एवढेंच काम. आपण जन्मभर घास घेतों, पण पाहिला कोणीं आहे? चार बोटें भात गोळा करितात, आंगठा मागून आधार देतो, मनगट वळतें, तळहात किंचित् वर होतो, आणि ओठांशीं आल्यावर आंगठा तो घास पुढें लोटतो. चमच्याचें तसें नाहीं. चमचा मुठींत धरला तरी चालतो. म्हणून चमच्यावर शिकविलेला हात चमच्यापुरताच शिकतो. त्या एका महिन्यानें आपणांस जें दिलें तें नंतरच्या दोन वर्षांनीं दिलें नाहीं, असें त्या म्हणाल्या.

सर्वच संशोधन असें सुफळ होतें असें नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. याच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत जीन एअर्स नांवाच्या विदुषी होऊन गेल्या (१९२०–१९८८). कांहीं मुलांच्या मेंदूंत स्पर्श, तोल, सांध्यांची जाणीव यांचा मेळ नीट बसत नाहीं, म्हणून तीं अडखळतात, चिडतात, असें त्यांनीं मांडलें, आणि टांगलेल्या झोपाळ्यांवर खेळवून उपचार करण्याची पद्धत घातली. आपल्या घरांतले झोपाळे आपण गाळे पाडतांना काढून टाकले, तेच तिकडे उपचारालयांत टांगले गेले! पण पुरावा मिश्र आहे. २०१४ सालच्या ३२ मुलांवरील प्रयोगांत लाभ दिसला. इंग्लंड व वेल्समधील १३८ मुलांवरील प्रयोगांत, जो २०२२ सालीं प्रसिद्ध झाला, नेहमींच्या उपचाराहून अधिक लाभ दिसला नाहीं. एअर्सबाईंच्या परंपरेंतलीं माणसें यावर अजून वाद घालीत आहेत. शिष्यांनीं गुरूच्या मताची परीक्षा पाहणें मला तरी अनुचित वाटत नाहीं. टीकाकार नसते तर भाष्यकारांस वाचलें कोणीं असतें?

आतां अण्णांकडे येतों. आचमनास उजव्या तळहाताची खोलगट ओंजळ करावी लागते आणि डाव्या हातानें पळीनें पाणी घालावें लागतें. अर्धांगवायूच्या हातास तळवा आकाशाकडे वळविणें फार कठीण. आणि नेमकें तेंच आचमनांत हवें. म्हणून बाईंनीं त्या शब्दाखालीं रेघ ओढली होती. त्यांनीं खुर्चीसमोर टेबल मांडविलें, कोपर टेकविण्यास घडी घातलेलें धोतर ठेविलें, सहाणेखालीं ओला पंचा घातला म्हणजे ती सरकत नाहीं, आणि चंदनाच्या खोडास जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून तें मुठींत मावेल असें जाड केलें. दाम एक पैसा लागला नाहीं. नातवास सांगितलें, "तूं तुझी संध्या कर. आजोबांची नाहीं."

पहिले कित्येक दिवस सारें पाणी टेबलावर सांडे. वहिनी पदरानें पुसायला उठत आणि परत बसत. आणि एक नवलाची गोष्ट घडली. ज्यांस 'पाणी' हा शब्द मागतां येत नव्हता ते अण्णा पळी हातांत येतांच विष्णूचीं चोवीस नांवें क्रमानें, अडखळत पण अचूक, म्हणूं लागले. बाईंस नवल वाटलें नाहीं. वाचा गेलेल्या माणसास पाठ असलेल्या गोष्टी कधीं कधीं येतात, हें ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं एकोणिसाव्या शतकांतच लिहून ठेविलें आहे. वहिनी मात्र त्या दिवशीं उठून देवघरांत गेल्या.

आज दीड वर्ष झालें. अण्णा बरे झाले असें मी लिहिणार नाहीं. बोटें अजून पुरतीं उघडत नाहींत, उजव्या हातानें घास घेतां येत नाहीं. डाव्या हातानें चमच्यानें जेवतात, आणि उजवा हात ताट धरून ठेवतो. लोकांसमोर डाव्या हातानें जेवण्याचा त्यांस संकोच वाटे. तो गेला नाहीं, कमी झाला. गंध तेच उगाळतात, देवांपुरतें, अर्धा तास लागतो. पूजा त्यांच्यासाठीं थांबते. दूध नासलें, कोणाची गाडी चुकली, अशाही सकाळी त्यांत गेल्या.

गेल्या महिन्यांत बाई नव्या विद्यार्थिनीस घेऊन आल्या होत्या. अण्णा आचमनास बसले. पळी भरली, डावा हात थरथरत वर आला, आणि उजवा तळहात हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखा, वळूं लागला. अर्ध्यावर येऊन थांबला. मुलगी नकळत पुढें सरकली. हात पुढें केला. बाईंनीं तिचें मनगट हलकेच धरलें. तिच्याकडे पाहिलेंही नाहीं. वहिनी कोपऱ्यांतल्या पाटावरून त्या मुलीस म्हणाल्या, "थांब ग. येतो त्यांचा हात."